कारखान्याचा कर्ता कोण

किर्लोस्करवाडी कोणी उभारली, असे पलूस तालुक्यात कुणालाही विचारले तर एकच नाव ऐकू येते: लक्ष्मणराव किर्लोस्कर. इंटेल कोणी काढली, असे विचारले तर रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर ही दोन नावे येतात. इतिहास म्हणून दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण त्यांच्या पोटात एक तात्त्विक दावाही आहे. एका माणसाच्या मनात संकल्प उठला, त्याने तो तडीस नेला, म्हणून जे झाले ते सारे त्याचे, असा तो दावा. तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो दावा आहे हेही लक्षात येत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र त्याला सरळ हरकत घेतली आहे. कोणतेही कर्म सिद्धीला जायचे तर पाच कारणे एकत्र यावी लागतात, असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे आधाराची जागा, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली आणि व्यापार, आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याच्या बुद्धीवर संस्कार झालेला नाही, त्याला खरे दिसत नाही, असेही पुढे म्हटले आहे. हा विचार फक्त मोक्षाची वाट धरणाऱ्यासाठी आहे, की लोखंड वितळवणाऱ्याला आणि वाळूतून सिलिकॉन काढणाऱ्यालाही तो लागू पडतो? माझ्या मते तो लागू पडतो. आणि एकदा लागू केला की उद्योगाच्या श्रेयाची वाटणी बदलते, जबाबदारी मात्र पूर्वीपेक्षा जड होते.

हा प्रश्न सातारा-सांगलीच्या मुलखात विचारणे योग्य आहे. १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करांचा कारखाना उभा राहत होता, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळक ‘गीतारहस्य’ लिहीत होते. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण गीता कर्म सोडायला नव्हे तर करायला सांगते, असा निर्वाळा टिळक देत असताना या मुलखात एक नव्या जातीचे कर्म सुरू झाले होते. ते एका माणसाचे नव्हते, एका कुटुंबाचे नव्हते, एका जातीच्या पिढीजात धंद्याचेही नव्हते. शेकडो हात एकत्र येऊन एक वस्तू करतात आणि ती वस्तू त्यांतल्या कुणाही एकाला एकट्याने करता येत नाही, अशा कर्माचा कर्ता कोण याचे तयार उत्तर जुन्या धर्मविचारात नव्हते. उत्तराची सामग्री मात्र होती.

अधिष्ठानापासून पाहू, कारण इथे पुरावा सर्वांत स्वच्छ आहे. लक्ष्मणरावांनी १८८८ च्या सुमारास बेळगावात सायकलचे दुकान काढले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते, पण हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि वडीलबंधू रामूअण्णांबरोबर ते पूर्णपणे धंद्यात उतरले. कडबा कापायचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर झाला. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिली दोन वर्षे तो विकलाच गेला नाही. पुढे गिऱ्हाईक मिळू लागले, तर शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला कारखान्याचीच जागा हवी झाली आणि बस्तान उठवायची पाळी आली. या क्षणी थांबून पाहावे. माणूस तोच, त्याचे कौशल्य तेच, जिद्द तीच, नांगरही तोच. कर्त्यात काहीही उणे नव्हते. तरी कर्म अडले, कारण त्याच्या पायाखालची जमीन गेली. ती परत मिळाली औंध संस्थानचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडून. गादीवर येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. त्यांनी बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. माळ ओसाड होता, निवडुंगाने आणि सापांनी भरलेला. पण जवळून रेल्वे जात होती, आणि ती रेल्वे लक्ष्मणरावांनी आणली नव्हती, पंतांनीही नव्हती. एकच कर्ता बेळगावात हरतो आणि कुंडलच्या माळावर उभा राहतो, हे एकट्या कर्त्याच्या सिद्धान्ताला सहज पेलणारे नाही.

कुणी म्हणेल, हे जुन्या, भांडवल नसलेल्या काळाचे झाले. खरी नवी कल्पना जिथे जन्मते तिथे कल्पना करणाराच सर्वस्व असतो. म्हणून चिपच्या उद्योगाकडे पाहणे आवश्यक आहे, कारण एकट्या प्रतिभावंताची पूजा तिथे सर्वांत जोरात चालते. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ चे नोबेल मिळालेल्या विल्यम शॉकली यांना काहीच कमी नव्हते. अधिष्ठान होते, बेकमन कंपनीचे भांडवल होते, हाताखाली निवडून आणलेले तरुण शास्त्रज्ञ होते. पण जे चांगले होईल ते आपले आणि जे बिघडेल ते हाताखालच्यांचे, अशी त्यांची वृत्ती होती. सहकाऱ्यांची खोटे पकडणाऱ्या यंत्रावर तपासणी करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले: नॉइस, मूर, हर्नी, लास्ट, क्लायनर, ग्रिनिच, ब्लँक आणि रॉबर्ट्स. शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने सुमारे चौदा लाख डॉलरांची तजवीज केली आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली. मोठ्या बुद्धीचा कर्ता आपल्याखेरीज इतर कारणे मानायला तयार नसेल तर कर्म कसे मोडते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. गीतेतल्या त्या श्लोकाला आपण नीतीचा उपदेश समजतो. इथे तो वस्तुस्थितीचे वर्णन ठरतो: ज्याला बाकीची चार कारणे दिसत नाहीत त्याच्या हातून ती निसटतात.

फेअरचाइल्डमध्ये जे झाले ते तर अधिकच बोलके आहे. सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर तसाच राखून ट्रान्झिस्टर सपाट घडवण्याची रीत १९५९ मध्ये जाँ हर्नी यांनी सिद्ध केली. त्या सपाटीवर सगळे विद्युतमंडल एकाच तुकड्यात जोडता येईल, हे नॉइस यांनी त्याच वर्षी मांडले आणि पेटंट त्यांच्या नावावर झाले. ते प्रत्यक्षात उतरवण्याचे किचकट काम जे लास्ट यांच्या गटाने केले. तिकडे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी १९५८ मध्येच वेगळ्या वाटेने तीच मूळ कल्पना करून दाखवली होती. २००० साली नोबेल किल्बींना मिळाले. नॉइस १९९० मध्ये वारले होते. एकाच कल्पनेला दोन जनक, दोन शहरांत, काही महिन्यांच्या अंतराने. याचा अर्थ किल्बी किंवा नॉइस कमी प्रतिभेचे होते असा नाही. अर्थ इतकाच की ती कल्पना ज्या जमिनीत रुजली ती दोघांच्या मालकीची नव्हती. नॉइस आयोवा राज्यातल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. ग्रिनेलच्या छोट्या कॉलेजात ट्रान्झिस्टर अगदी सुरुवातीला त्यांना पाहायला मिळाला, कारण तिथल्या ग्रँट गेल या प्राध्यापकांची ट्रान्झिस्टरच्या संशोधकांपैकी बार्डीन यांच्याशी ओळख होती. प्राध्यापकाची ही ओळख नॉइस यांच्या कर्तृत्वात कोणत्या सदरात मांडायची?

आता चेष्टा. या चौथ्या कारणाकडे भाष्यकारांनी शरीरातल्या प्राणांचे व्यापार म्हणून पाहिले, आणि उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पाहिलेच नाही. किर्लोस्करवाडीत फौंड्रीत साचे भरणारे, फाळ घासणारे, रंगवणारे, रात्रीचा पहारा करणारे होते. त्या पहारेकऱ्यांत तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसेही होती, कारण माणूस विश्वासाने सुधारतो अशी लक्ष्मणरावांची श्रद्धा होती आणि त्यांनी ती पणाला लावली. पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड आणि कोळसा आटला. तेव्हा जुन्या तोफा वितळवून नांगर झाले. कारखान्याच्या आवाराबाहेरही चेष्टा होत्या. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. लाकडी नांगर तिथवर पोचत नाही. ज्या पहिल्या शेतकऱ्यांनी गावाची समजूत झुगारून लोखंडी नांगर आपल्या रानात घातला, त्यांनी आपले एक साल डावावर लावले होते. नांगर फसला असता तर लक्ष्मणरावांचा माल पडून राहिला असता, शेतकऱ्याचे पोट उपाशी राहिले असते. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. पण त्यांच्या रानात सिद्ध झाल्याशिवाय नांगर म्हणजे केवळ ओतलेले लोखंड होते, हे मान्य केले तर त्यांना गिऱ्हाईक म्हणून बाजूला काढता येत नाही. ते त्या कर्मातले भागीदार ठरतात.

चिपच्या उद्योगात हा भाग आणखी झाकलेला आहे आणि म्हणून तो उघडून सांगायला हवा. फेअरचाइल्डने १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोत शिपरॉक येथे, नावाजो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, जुळणीचा कारखाना काढला. तिथे काम करणाऱ्यांची संख्या एक वेळ हजाराच्या वर गेली आणि त्यांत बहुतेक बायका होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली नजर रोखून केसाहून बारीक तारा जोडायच्या, हे त्यांचे काम. कंपनीच्या माहितीपत्रकात या बायकांच्या गालिचे विणण्याच्या परंपरेचा गौरव होता. चिपवरची नक्षी आणि गालिच्यावरची नक्षी शेजारी दाखवली होती. वरवर हा सन्मान वाटतो. पण नीट पाहिले तर यात एक हिरावणूक आहे. एखाद्याचे कौशल्य रक्तातच आहे म्हटले की ते शिकलेले, कष्टाने कमावलेले, मोबदल्याला पात्र असे कर्म राहत नाही. तो निसर्ग होतो. आपल्याकडे सुताराच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या हाताबद्दल शतकानुशतके हेच म्हटले गेले. अभियंत्याच्या बुद्धीला कर्ता म्हणायचे आणि विणणारीच्या बोटांना वारसा म्हणायचे, यात बाईला कर्तेपणातून बाहेर काढले जाते. १९७५ मध्ये कामावरून कमी केलेल्यांच्या प्रश्नावर आंदोलकांनी तो कारखाना ताब्यात घेतला आणि त्यानंतर कंपनीने तो बंदच केला.

खुद्द अभियंत्यांनाही ही हिरावणूक सोसावी लागली. इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर १९७१ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. सुमारे २३०० ट्रान्झिस्टर एका तुकड्यावर. त्याची मूळ रचना टेड हॉफ आणि स्टॅन मेझर यांची, मागणी आणि तर्करचनेतला मोठा वाटा बिझीकॉम या जपानी कंपनीचा आणि तिच्या मासातोशी शिमा यांचा, आणि ते सारे सिलिकॉनवर उतरवले फेडेरिको फॅजिन यांनी. फॅजिन यांनी चिपच्या कडेला आपली आद्याक्षरे कोरून ठेवली. पुढे ते बाहेर पडले, त्यांनी झायलॉग काढली, आणि मग बराच काळ ४००४ च्या कथेत त्यांचे नाव मागे पडले. त्या दोन अक्षरांत मला अहंकार दिसत नाही. आपण कर्मात होतो, इतकेच सांगण्याची ती धडपड आहे. ‘मीच कर्ता’ आणि ‘मीही कर्ता’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गीतेचा आक्षेप पहिल्यावर आहे.

दैवाबद्दल आपल्या मुलखात एक जुनी आणि निरोगी चीड आहे. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांनी प्रयत्नाची जी थोरवी गायली ती प्रारब्धावर भार टाकून बसणाऱ्यांना उठवण्यासाठी. मग उद्योगाच्या चर्चेत दैवाला स्थान देणे म्हणजे समर्थांच्या शिकवणीला सोडचिठ्ठी देणे नव्हे का? मला तसे वाटत नाही. प्रयत्नवादाचे भांडण दैवाला कर्त्याच्या जागी बसवण्याशी आहे. गीता दैवाला पाचांत पाचवे धरते, एकमेव धरत नाही. आणि ज्याला दैव म्हणतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी कर्माचे आपल्यापर्यंत आलेले टोक असते. फेअरचाइल्ड स्थापन होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेला क्षेपणास्त्रांसाठी आणि अवकाशयानांसाठी हलके, खात्रीचे ट्रान्झिस्टर हवे झाले. आठ तरुणांच्या दृष्टीने ते दैव होते, रशियन अभियंत्यांच्या दृष्टीने ते प्रयत्न होते. महायुद्धामुळे विलायती नांगरांची आयात घटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला मोकळे रान मिळाले, त्याचेही तसेच. दैव गैरसोयीचे होऊनही येते. गांधीहत्येनंतर झालेल्या १९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लागली. ती आभाळातून पडली नव्हती, माणसांनी लावली होती. पण नांगराच्या साच्यात कितीही नेटका प्रयत्न ओतला असता तरी ती टळली नसती. दैवाला असे मानल्याने प्रयत्न ढिला पडत नाही. यशाची फुशारकी तेवढी ओसरते.

शास्त्राच्या बाजूने येणारी हरकत याहून गंभीर आहे, आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेची परंपरा ज्या जिल्ह्यात आहे तिथे ती टाळून पुढे जाणे बरे नाही. शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता म्हणजे उपाधीमुळे स्वतःला भोक्ता समजणारा जीव, करणे म्हणजे इंद्रिये, आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता. रामानुजांना दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा. यांपैकी कुणाच्याही डोळ्यांपुढे फौंड्री नव्हती. शुद्ध आत्मा अकर्ता आहे हे दाखवण्यासाठी मांडलेले विश्लेषण माळरान, भांडवल आणि मजुरी यांवर बसवणे ही ओढाताण आहे, असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. त्यावर माझी दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, शब्दशः अर्थ घेतला तरी युक्तिवाद ढासळत नाही. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. भाष्यकारांच्या अर्थाने जे करण, म्हणजे खुद्द डोळा, त्याच्या घडणीने महाराष्ट्राच्या उद्योगाची दिशा ठरवण्यात भाग घेतला, आणि तो डोळा लक्ष्मणरावांनी निवडला नव्हता. शरीर हे अधिष्ठान मानले तरी त्या शरीराला अन्न, निवारा आणि शिक्षण कुणी दिले हा प्रश्न दारात उभाच राहतो. दुसरे उत्तर परंपरेच्या स्वभावाचे आहे. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाचे निरूपण केले तेव्हा त्यांनी संस्कृत भाष्यांची केवळ उजळणी केली नाही. टिळकांनीही केली नाही. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी धर्मग्रंथांच्या अधिकाराचीच चिकित्सा केली आणि तरीही आयुष्यभर त्या ग्रंथांचा अभ्यास सोडला नाही. ग्रंथ नव्या कर्मापुढे नेऊन ठेवणे हा या मुलखातल्या धर्मविचाराचा रिवाजच आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्यावरच्या त्या श्लोकाच्या पुढच्याच श्लोकात आहे. ज्याला ‘मी कर्ता’ हा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याने मारले तरी तो मारत नाही, असे तिथे म्हटले आहे. एखाद्या कंपनीच्या संचालकाने हे वाक्य तोंडपाठ केले तर काय अनर्थ होईल? नदीत सांडपाणी गेले, कामगार भाजला, गाव उठले. पाच कारणांपैकी मी एक, बाकी चार पाहा, असे म्हणायला तो मोकळा. ही भीती काल्पनिक नाही. चिपच्या उद्योगाची आजची घडण पाहिली तर ती रोजची आहे. जमशेटपुरात जन्मलेले मराठी अभियंता सुहास पाटील एमआयटीत शिकले, युटा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांनी जी कंपनी काढली तीच पुढे सिरस लॉजिक झाली. स्वतःची भट्टी न ठेवता केवळ चिपची रचना करायची आणि ती दुसऱ्याकडून घडवून घ्यायची, ही पद्धत रुळवणाऱ्या आद्य कंपन्यांत ती होती. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानात फक्त इतरांच्या चिप घडवणारी टीएसएमसी काढली तेव्हा या पद्धतीला दुसरा पाय मिळाला. आज रचना एका देशात, घडण दुसऱ्यात, जुळणी तिसऱ्यात, खनिजे चौथ्यातून. यामुळे थोड्या भांडवलावर बुद्धिमान माणसांना उद्योग काढता आला, हे या पद्धतीचे मोठे देणे आहे. पण कर्तेपण इतके विखुरले की दोषाचा धनी शोधत जाणाऱ्याला प्रत्येक दारात पुढचे दार दाखवले जाते.

म्हणून श्रेय आणि दायित्व वेगळे करावे लागते, आणि माझ्या मताचा गाभा इथे आहे. श्रेय वाटले की कमी होते. माझ्या यशात औंधच्या पंतांचा, रेल्वेचा, शेतकऱ्याचा हात होता म्हटले की माझा वाटा तेवढा उतरतो. दायित्वाचे तसे नाही. पाच जणांनी मिळून ओझे उचलले आणि ते कुणाच्या पायावर पडले, तर पाचही जण पुरते उत्तरदायी असतात. प्रत्येकी एक पंचमांश नव्हे. गीतेने पाच कारणे मोजताना कर्त्याला यादीतून वगळलेले नाही, हे इथे महत्त्वाचे आहे. आक्षेप ‘केवल’ कर्तेपणावर आहे. आणि अलिप्त बुद्धीची ती सवलत ज्याला फळ नको त्याच्यासाठी आहे. नफा माझ्या खात्यावर आणि हानी प्रकृतीच्या खात्यावर, असे म्हणणाऱ्याला तो श्लोक लागू होत नाही. त्याला लागू होते ते तिसऱ्या अध्यायातले वचन, जे मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला सरळ चोर म्हणते. जो फळ घेतो त्याने कर्तेपण नाकारू नये, आणि जो कर्तेपण एकट्याचे सांगतो त्याने फळ एकट्याचे समजू नये.

यावर एक व्यवहारी प्रश्न उरतो. ज्यांचे देणे लागतो ती माणसे अनाम आहेत, विखुरलेली आहेत, पुष्कळशी मेलेली आहेत. देणे फेडायचे कुणाला? या प्रश्नावर ऋणाची जुनी कल्पना फार उपयोगी पडते. वैदिक ग्रंथांत ऋषींचे ऋण अध्ययनाने आणि पितरांचे ऋण संततीने फिटते असे सांगितले आहे. म्हणजे ज्याच्याकडून घेतले त्याला ते परत जातच नाही, पुढच्याकडे जाते. शतपथ ब्राह्मणात या ऋणांच्या जोडीला माणसांचेही ऋण सांगितले आहे, आणि ते फेडायची रीत तिथे अगदी रोकडी आहे: निवारा द्यावा, अन्न द्यावे. सातारा जिल्ह्यात हे घडलेले आहे. भाऊराव पाटील हे किर्लोस्करांच्या नांगरांचे आणि ओगल्यांच्या काचमालाचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले, आणि साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांना नांगराचा कारखाना काढायला त्यांनीच प्रवृत्त केले. त्या फिरतीत त्यांना शाळेपासून तुटलेली गावे दिसली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. सगळ्या जातींची मुले एका वसतिगृहात राहू-जेवू लागली. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. नांगराच्या व्यापारातून निघालेले देणे निवारा आणि अन्न होऊन पुढच्या पिढीकडे गेले, आणि ते नेण्याचे काम कारखानदाराने नव्हे, विक्रेत्याने आणि त्याच्या बायकोने केले.

चिपच्या उद्योगातही देणे पुढे गेले आहे, हे मान्य केले पाहिजे. आठांपैकी युजीन क्लायनर यांनी १९७२ मध्ये नव्या उद्योगांना भांडवल देणारी संस्था उभारली. सुहास पाटील १९९२ मध्ये ‘टाय’ या संघटनेच्या संस्थापकांत होते आणि नवउद्योजकांना हात देणे हेच तिचे काम आहे. पण हे सारे ऋषिऋण आहे: जाणत्याने शिकाऊ जाणत्याला दिलेले. शिपरॉकचा कारखाना सुरू झाला तेव्हा नॉइस फेअरचाइल्डच्या सेमीकंडक्टर विभागाचे प्रमुख होते. १९६८ मध्ये त्यांनी आणि मूर यांनी इंटेल काढली, आणि कारखाना बंद पडला तेव्हा आठांपैकी कुणीही फेअरचाइल्डमध्ये उरले नव्हते. माणसांचे ऋण तिथे फिटले नाही, आणि संस्थापक निघून गेल्याने ते माफही झाले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने गुजरातेतल्या धोलेऱ्याच्या चिप कारखान्याला मंजुरी दिली. तिथे आणि पुढच्या अशा कारखान्यांत कऱ्हाड, इस्लामपूर, सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली आणि आयटीआयमधली मुले कामाला जातील. या कारखान्यांचे संस्थापक कोण हे लिहिले जाईलच. सिलिकॉनच्या चकत्या धुण्यासाठी पाणी कोणत्या गावांचे गेले, घातक रसायनांजवळ कोण उभे होते, कंत्राटी पाळीतली माणसे कुठे राहिली आणि काय जेवली, हेही त्याच नोंदवहीत, संस्थापकांच्या नावांच्या बरोबरीने लिहिले जावे, अशी मागणी करण्याचा आधार अठराव्या अध्यायात आहे. ती मागणी कारखाना उभा राहण्याआधी करायची आहे, कारण शिपरॉकच्या बायकांसाठी ती झाली तेव्हा दार बंद व्हायला आले होते.